ई-ग्रंथसंग्रह, स्वतःच्या सर्व्हरवरील

ई-ग्रंथसंग्रह, स्वतःच्या सर्व्हरवरील : ई-पुस्तकांच्या फाइली व त्यांची सूची विक्रेत्याच्या खात्यात न ठेवता घरच्या किंवा संस्थेच्या संगणकावर ठेवण्याची आणि तेथून मोबाइल, टॅबलेट, ई-रीडर यांवर वाचण्याची पद्धत. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने डीस्पेस या मुक्त प्रणालीवर जुने ग्रंथ खुले केले आहेत. घरगुती संग्रहाला मात्र ती अवजड पडते. तेथे निवड बहुधा कॅलिबर या ई-पुस्तके सांभाळणाऱ्या मुक्त प्रणालीपासून सुरू होते.

कॅलिबरचा आरंभ कोणता धरावा, याची दोन उत्तरे संभवतात. तिचे कर्ते कोविद गोयल यांनी ऑक्टोबर २००६ च्या अखेरीस सोनीच्या पीआरएस-५०० या ई-रीडरसाठी ‘लिबपीआरएस५००’ ही प्रणाली लिहायला घेतली. कॅलिबर हे नाव २००८ मध्ये आले. नावावर भर दिल्यास दुसरे वर्ष ग्राह्य ठरते. काम अखंड चालू राहिले असल्याने २००६ हेच अधिक सयुक्तिक वाटते. ब्राउझरमधून वाचण्याची सध्याची सोय २०१७ मधील तिसऱ्या आवृत्तीपासूनची.

कॅलिबर पुस्तकांच्या सर्व नोंदी (शीर्षक, लेखक इ.) एसक्यूलाइट या प्रकारच्या एकाच डेटाबेस-फाइलीत ठेवते. कॅलिबर-वेब ही ब्राउझरमधून संग्रह दाखवणारी वेगळी प्रणाली तीच फाइल वाचते, त्यामुळे आधी कॅलिबरचा संग्रह तयार असावा लागतो. कविता व कोमगा या प्रणाली फोल्डर स्वतः धुंडाळतात. त्यांचा मूळ भर चित्रकथांवर आहे. श्राव्य पुस्तकांसाठी ऑडिओबुकशेल्फ. कॅलिबरचा संग्रह नेटवर्क ड्राइव्हवर ठेवू नये, असे त्याचे कर्तेच बजावतात. नोंदींची फाइल बिघडण्याचा धोका असतो.

मराठी संग्रहाची खरी कसोटी नोंदींत लागते. कॅलिबर देवनागरी नावांचे फोल्डर रोमन लिपीत करते, त्यामुळे फोल्डर चाळून पुस्तक शोधणे कठीण होते. लेखकनामाचा शेवटचा शब्द ते आडनाव समजते. ‘तुकाराम महाराज’ म्हणून ‘महाराज, तुकाराम’ असे लागतात आणि ते हाताने सुधारावे लागते. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील ऱ्ह दोन प्रकारे टंकित होतो : ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताच्या प्रमाणीकरणानेही (समान अक्षरे एका रूपात आणण्याच्या नियमांनीही) ते एकरूप होत नाहीत आणि एकाच लेखकाचे दोन लेखक होतात. ‘ॲ’चेही तसेच, हे जोडीव अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले, त्याआधीच्या फाइलींत ते अ व चंद्र मिळून लिहिलेले असते. युनिकोडपूर्व श्री-लिपीसारख्या टंकांतील पीडीएफ ईपब या ई-पुस्तकाच्या फाइल-प्रकारात नेल्यास रोमन अक्षरांचा गुंता हाती येतो. अशा पुस्तकांची पीडीएफच जपावी व नोंद हाताने करावी. म्हणून प्रणाली निवडताना वाचनपटल किती देखणे आहे यापेक्षा नोंदी घाऊक दुरुस्त करता येतात का, हे आधी पाहावे. या कामात कॅलिबरच्या तोडीचे दुसरे काही दिसत नाही.

इतर उपकरणांसाठी ओपीडीएस सूची (वाचन-ॲपना संग्रहातील पुस्तके दाखवणारी प्रमाणित यादी) पुरते; तिची पहिली आवृत्ती २०१० ची. घराबाहेरून वाचायचे झाल्यास बहुधा व्हीपीएन (घरच्या जाळ्याशी सुरक्षित खाजगी जोडणी) किंवा तत्सम सोय लागते, कारण अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही.

भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. वाचनालयाने सर्वांसाठी संग्रह खुला करताना ही मुदत पुस्तकागणिक तपासावी लागते.