धूर, अग्नी आणि शंका: व्याप्तीच्या वादाची पार्श्वभूमी

डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असे आपण धरून चालतो. न्यायदर्शन हे अनुमान पाच वाक्यांत मांडते: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. सगळा भार तिसऱ्यावर: ‘जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर.’ या ‘जिथे जिथे’लाच व्याप्ती म्हणतात. पाहिलेल्या चुली मोजक्या आणि विधान मात्र सर्व काळच्या, सर्व ठिकाणच्या धुराबद्दल. ही व्याप्ती कळली कशी, हा फक्त प्रत्यक्षच प्रमाण मानणाऱ्या चार्वाकांचा प्रश्न.

त्यांचे म्हणणे चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’च्या पहिल्याच प्रकरणात सलग वाचायला मिळते. (पुण्याच्या वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या संस्कृत टीकेसह भांडारकर संस्थेने तो १९२४ मध्ये छापला.) प्रत्यक्षाने व्याप्ती कळणार नाही, कारण डोळ्यांसमोर फक्त आत्ताचा, इथला धूर असतो. अनुमानाने म्हणावे, तर त्या अनुमानाला दुसरी व्याप्ती हवी, तिला तिसरी, ही अनवस्था. तरीही धुराच्या मागे गेलेल्याला आग सापडते, ती यदृच्छेने. मणी, मंत्र, औषध कधी लागू पडतात तशी.

यातला सर्वांत टोकदार मुद्दा उपाधीचा, म्हणजे आड लपलेल्या अटीचा. अनुमान उलटे करून पाहा: ‘जिथे अग्नी, तिथे धूर.’ तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, पण धूर नाही. धूर येण्यासाठी ओले सरपण लागते. हे ओले सरपण म्हणजे उपाधी: जिथे धूर तिथे ते असतेच, पण जिथे अग्नी तिथे ते असेलच असे नाही. तो गोळा कधी पाहिलाच नसता, तर ही चूक लक्षात आली नसती. मग ‘जिथे धूर, तिथे अग्नी’ यातही एखादी न दिसलेली उपाधी दडलेली नाही, हे कशावरून?

जयराशी भट्ट याहून पुढे गेला. इ. स. ८००च्या आसपासच्या त्याच्या ‘तत्त्वोपप्लवसिंह’ या ग्रंथाची ताडपत्री पोथी १९२६ मध्ये गुजरातेत पाटणला सापडली आणि १९४० मध्ये ग्रंथ बडोद्याहून छापला गेला. त्याने प्रत्यक्षालाही सोडले नाही. न्यायसूत्रांच्या व्याख्येत प्रत्यक्ष ज्ञान ‘अव्यभिचारी’, म्हणजे न चुकणारे. ते तसे आहे हे ओळखायचे कसे? इंद्रिये निर्दोष आहेत म्हणून, म्हणावे तर तो निर्दोषपणा डोळ्यांना दिसत नाही. पुढे बाध (ते खोटे ठरवणारा अनुभव) आला नाही म्हणून, म्हणावे तर मृगजळ पाहणारा तिथून निघून गेला तरीही बाध येत नाही.

बौद्ध धर्मकीर्तीने सातव्या शतकात व्याप्तीला दोनच आधार दिले होते: तादात्म्य (शिंशपा नावाचे झाड म्हणजे वृक्षच) आणि तदुत्पत्ती (धूर अग्नीपासूनच उपजतो). पण कार्यकारणभाव ठरवायलाही पुन्हा तेच मोजके अनुभव हाताशी असतात, त्यामुळे अडचण एक पायरी मागे सरकते इतकेच.

खरा रंग भरतो तो उदयन आणि श्रीहर्ष यांच्या श्लोकांत. दहाव्या-अकराव्या शतकातला नैयायिक उदयन ‘न्यायकुसुमांजली’त लिहितो:

शङ्का चेदनुमास्त्येव न चेच्छङ्का ततस्तराम् ।
व्याघातावधिराशङ्का तर्कः शङ्कावधिर्मतः ॥

दुसऱ्या देशी, दुसऱ्या काळी व्याप्ती मोडेल अशी शंका असेल, तर तो न पाहिलेला देश-काळ अनुमानानेच मानलेला आहे. शंका नसेल, तर प्रश्नच मिटला. शंकेची हद्द व्याघातापर्यंत, म्हणजे शंका घेणाऱ्याचे स्वतःचेच वागणे आडवे येईपर्यंत. बाराव्या शतकात अद्वैत वेदान्ती श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्या’त हाच श्लोक मोजकी अक्षरे बदलून परत केला. आरंभी ‘व्याघातो यदि शङ्कास्ति’, शेवटी ‘शङ्कावधिः कुतः’. व्याघात म्हणजे विरोध, आणि तो शंकेशीच असतो. मग विरोध आहे म्हणताच शंकाही आहेच. ती त्याने थांबेल कशी?

चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त याला उत्तर दिले. धूर हवा असलेला माणूस न चुकता विस्तव शोधतो, भूक शमवायला अन्नच घेतो, दुसऱ्याला कळावे म्हणून बोलतो. ही कृतीच शंकेला अडवते. व्याघात शंकेच्या आधारावर उभा नाही.

हे उत्तर मला भक्कम वाटते, पण त्याची मजलही नेमकी पाहावी. त्याने शंका खरी नव्हती हे दिसते. धुरामागे अग्नी असतोच, हे सिद्ध होत नाही. १७३९-४० मध्ये स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमही वागण्याकडेच वळला, पण त्याच्या लेखी ती मनाची सवय होती, प्रमाण नव्हे. ‘चार्वाक म्हणजे भारतीय ह्यूम’ हे समीकरण म्हणूनच ढोबळ आहे. गंगेशाला ज्ञान वाचवायचे होते, आणि त्यासाठी आधी व्याप्तीची व्याख्याच नेमकी हवी होती. ‘व्याप्तिपंचक’ या भागात त्याने पाच व्याख्या तपासल्या आणि पाचही नाकारल्या, कारण साध्य (जे सिद्ध करायचे ते, जसा अग्नी) जिथे नाही अशी एखादी जागा त्या सगळ्या गृहीत धरतात. आणि ‘ज्ञेय (जाणता येण्याजोगे) आहे म्हणून वाच्य (शब्दाने सांगता येण्याजोगे) आहे’ अशा अनुमानात वाच्यत्वाचा अभाव कुठेच सापडत नाही.