‘ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी’मधली ‘पॉलिसी’

चाररेघी वहीत हे वाक्य ज्यांनी पानभर गिरवलंय, त्यांना त्यातल्या प्रामाणिकपणापेक्षा शेवटच्या ‘वाय’चं खालच्या रेघेवर लोंबणारं शेपूट जास्त आठवत असेल. अर्थ ठरलेला: प्रामाणिकपणा हेच सर्वोत्तम धोरण. विम्याच्या पॉलिसीशी याचं नातं नाही बरं का. तो शब्द इटालियन ‘पोलिझ्झा’वरून आला, म्हणजे लेखी दस्त. ही पॉलिसी ग्रीक ‘पोलिस’च्या, म्हणजे नगरराज्याच्या, कुळातली.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत हा शब्द आजच्याइतका सोवळा नव्हता. मॅकियाव्हेली या इटालियन राजकीय विचारवंताच्या नावाने बदनाम झालेलं राजकारण, डावपेच, आतल्या गाठीचा शहाणपणा, हे सगळं त्यात यायचं. आपण एखाद्याला ‘फार धोरणी हो!’ म्हणतो, तेव्हा कौतुक किती आणि चिमटा किती हे आवाजावरून कळतं. तसंच काहीसं.

त्या काळात ठेवून हे वाक्य वाचलं की त्यातली गंमत कळते. एडविन सँडिस या इंग्रज संसदपटूने युरोप पालथा घालून १५९९ मध्ये तिथल्या धर्मस्थितीवर पुस्तक लिहून पूर्ण केलं. त्यात एका अतिचतुर व्यवस्थेबद्दल तो म्हणतो की, ही आमच्या जाड्याभरड्या बुद्धीच्या वरची असेल. आम्ही आपले प्रामाणिकपणालाच उत्तम पॉलिसी समजणारे! उपदेश कुठला, हा तर टोमणा. १६०५ मध्ये कुणी तरी त्याला न विचारता पुस्तक छापलं आणि त्या प्रती जाळल्या गेल्या.

पुढे टोमणा गळाला, सुविचार उरला. अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने १७७९ मध्ये एका पत्रात सुचवलं की, तांब्याच्या नाण्यांवर राजाच्या बिरुदांऐवजी अशी वचनं घालावीत. त्याच्या यादीत हेही होतं. (१७८७ च्या अमेरिकी सेंटवर प्रत्यक्षात आलं ते ‘आपलं काम बघा’!) अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनने १७९६ च्या निरोपाच्या संदेशात ते घरच्या व्यवहाराइतकंच राज्यकारभारालाही लागू केलं.

शब्दातली जुनी खोच पुन्हा वर काढली ती डब्लिनचे आर्चबिशप रिचर्ड व्हेटली यांनी, एकोणिसाव्या शतकात. त्यांचं म्हणणं असं की, हे वाक्य खरं आहे, पण त्यावर बेतून जो वागतो तो माणूस प्रामाणिक नव्हे.

या वाक्याचं तात्पर्य हमखास चिकटवलं जातं ते इसापच्या लाकूडतोड्याला. त्या गोष्टीतला पहिला लाकूडतोड्या सोन्याची कुऱ्हाड ‘माझी नाही’ म्हणाला, तेव्हा बक्षिसाचा त्याला पत्ताही नव्हता. बक्षीस ऐकून नदीवर आला तो दुसरा, आणि त्याने आपली कुऱ्हाड मुद्दाम पाण्यात फेकली होती.