फटफटीपासून सहापदरीपर्यंत: सीमाभागातल्या दुचाकी अपघातांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दुचाकीचा अपघात झाला की पारावर एकच कारण ऐकू येतं: 'लई जोरात होता.' गुन्हाही तसाच नोंदवला जातो. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 279 आणि 304-अ, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 281 आणि 106. दोन्हीकडे भाषा बेदरकारपणाची आणि हयगयीची. कलमाला दोषी माणूस लागतो, त्यामुळे रस्ता, उजेड आणि ब्रेक यांची चर्चा पंचनाम्याच्या नकाशापलीकडे सहसा जात नाही. खरं तर इथला रस्ता आणि इथली गाडी बदलत गेली तशी अपघाताची जातही बदलली.

म्हैसूरला 1960 च्या सुमारास जावा मोटारसायकल बनू लागली, मद्रासची बुलेट त्याआधीच आली होती. तरी गावात फटफटी एखाद्याच्याच दारात असायची आणि तिच्या वाट्याला खडीचे, मुरमाचे रस्ते यायचे. अपघात म्हणजे बहुतेक घसरणं. खानापूर-जांबोटीकडच्या लाल मातीत पावसाळ्यात गाडी नुसती उभी ठेवणंही कठीण. तिथून एक शिकवण पिढ्यान् पिढ्या आली: पुढचा ब्रेक धरायचा नाही, गाडी उलटते. सुट्या खडीवर त्यात तथ्य होतं. डांबरावर मात्र ब्रेक दाबताच वजन पुढे जातं आणि गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातले 900 अपघात जागेवर जाऊन तपासले. 1981 च्या त्या अहवालातही हेच दिसलं: घाबरलेला चालक मागचं चाक जाम करून गाडी घसरवतो आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरतच नाही. आपल्याकडे 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं व्हायला 2019 उजाडलं.

गाड्यांचा खरा पूर आला तो 1985 नंतर. हिरो होंडाची सीडी 100, यामाहाची आरएक्स 100, मग 1994 ची स्प्लेंडर. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत पाळीला जाणारी खेड्यातली पोरं बसऐवजी गाडीवर आली, दुधाचे कॅन टीव्हीएस एक्सेल मोपेडवर चढले. त्या काळात पुणे-बेंगळूर हमरस्ता दुपदरीच होता. तवंदी आणि वंटमुरीच्या घाटात ओव्हरटेक करताना समोरासमोर धडक, ही त्या रस्त्याची ओळख.

चौपदरीकरणाने मध्ये डिव्हायडर आला आणि समोरासमोरची धडक कमी व्हावी अशी आखणी झाली. पण घर एका बाजूला आणि शिवार दुसऱ्या बाजूला, अशी गावं त्याच डिव्हायडरने दुभंगली. वळायची जागा लांब पडली की माणूस राँग साईडने येतो, नाहीतर जवळच्या कटमधून गाडी घालतो. अशा ठिकाणी कारवाला 'मला दिसलाच नाही' म्हणतो, तेव्हा तो दर वेळी खोटं बोलत असतो असं नाही. हर्ट यांच्या अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी धडकून झाले होते, आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश घटनांत दुसऱ्या चालकाने दुचाकीची वाट अडवली होती. समोरून येणाऱ्या दुचाकीचा आकार लहान, त्यामुळे तिचा वेग ओळखायला डोळा चुकतो. आपल्याकडे 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही पेटता राहतो तो याचसाठी. 'लाईट चालू हाय' म्हणून हात हलवून सांगणारे त्या वर्षी रस्तोरस्ती भेटत.

हेल्मेटची कथा आणखी जुनी. 1935 मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स इंग्लंडात मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीने गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. पुढे त्यांनी मोटारसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या लष्करी शिपायांच्या अपघातांचा अभ्यास करून 1941 मध्ये हेल्मेटचा उपयोग दाखवून दिला. कर्नाटकाने 2016 मध्ये मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं केलं. अर्धी टोपी घालून दंड चुकवायची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यात कानशील आणि हनुवटी उघडीच राहतात.

सहापदरीकरणाने हायवेवरचं चित्र पुन्हा बदलतंय. पण या भागाचा खास अपघात हायवेवर कमी आणि निपाणी-चिकोडीसारख्या आतल्या रस्त्यांवर जास्त होतो, तोही गळीत हंगामात. कारखाना सुरू झाला की रात्रभर उसाच्या ट्रॉल्या धावतात, बऱ्याचदा एका ट्रॅक्टरमागे दोन. मागे दिवा नाही, असला तर लोंबत्या उसाखाली. ट्रॉली ताशी 20 किलोमीटरने चालली आहे आणि दुचाकी 60 ने, तर दोघांमधलं अंतर दर सेकंदाला 11 मीटरने तुटतं. त्यात समोरून येणाऱ्या गाडीवाल्याने डिपर दिला नाही, म्हणजे दिव्याचा झोत खाली केला नाही, तर डोळे दिपल्यावर ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेकला वेळच उरत नाही. यातही दुचाकीवाला 'जोरात' ठरतो, कारण मागून धडकलेला तोच. हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रेडियमच्या पट्ट्या लावतात खऱ्या, पण फाळक्याबाहेर ऊस भरला की पहिल्याच खेपेला त्या झाकल्या जातात.