न्यूयॉर्कमधील स्थलांतरित स्त्री-कामगारांचे प्रेमसंबंध

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या शिलाई कारखान्यांत पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू आणि इटालियन मुली मोठ्या संख्येने राबत. त्यांच्यातील व त्यांच्या संघटनांतील काही स्त्रियांनी लग्न न करता दुसऱ्या स्त्रीबरोबर आयुष्यभराचा संसार केला. कामगार चळवळीच्या इतिहासात ही बाजू दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

पॉलिन न्यूमन ही लिथुएनियात जन्मलेली ज्यू मुलगी. 1901 मध्ये आई व बहिणींबरोबर ती न्यूयॉर्कला आली आणि पुढे ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीत कामाला लागली. शिवून आलेल्या ब्लाऊजांचे लोंबते दोरे कात्रीने कापायचे, हे तिचे काम. कारखाना-निरीक्षक आला की लहान मुलांना लाकडी खोक्यांत बसवत आणि वरून ब्लाऊज पसरून झाकून टाकत. याच कारखान्याला 25 मार्च 1911 रोजी लागलेल्या आगीत 146 कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. त्याआधीच, 1909 च्या हजारो शिलाई कामगारांच्या संपातून पॉलिन पूर्णवेळ संघटक झाली होती. गावोगावच्या दौऱ्यांतला एकटेपणा तिने मैत्रीण रोझ श्नायडरमन हिला लिहिलेल्या पत्रांत मोकळेपणाने मांडला आहे.

1917 मध्ये फिलाडेल्फियात तिची फ्रीडा मिलरशी गाठ पडली. फ्रीडा अमेरिकेतच जन्मलेली, उच्चशिक्षित. दोघींच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर. तरीही पुढे न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज या वस्तीत त्यांनी एकत्र घर मांडले, फ्रीडाच्या मुलीला दोघींनी मिळून वाढवले आणि फ्रीडाच्या निधनापर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, हे नाते टिकले. याला नुसती मैत्री म्हणून बाजूला सारणे त्या दोघींवर अन्याय करणारे आहे.

टोप्या शिवणारी रोझ श्नायडरमन पोलंडमधून, तर छापखान्यात मुद्रितशोधन करणारी मॉड स्वार्ट्झ आयर्लंडहून आलेली. 1912 च्या सुमारास स्त्री-मताधिकाराच्या प्रचारात त्यांची ओळख झाली. 1937 मध्ये मॉडचे निधन होईपर्यंत दोघी एकमेकींच्या सोबती होत्या. कामगार स्त्रीला भाकरी हवी तसे गुलाबही हवेत, म्हणजे पोटापुरते अन्नच नव्हे तर जगण्यातले सौंदर्यही हवे, हे रोझचे म्हणणे जगभर गाजले.

अशा नात्यांना आधार मिळाला तो स्वतःच्या कमाईचा आणि 1903 मध्ये कामगार स्त्रियांना संघटित करण्यासाठी स्थापन झालेल्या विमेन्स ट्रेड युनियन लीग या संस्थेचा. लीगमध्ये सधन आणि कष्टकरी स्त्रिया शेजारी बसत. लग्नावाचून जगणाऱ्या बाईला तिथे काम होते, मान होता आणि जिवाभावाची माणसे होती. पुरुषांच्या ताब्यातील कामगार संघटनांत यातले फारसे काही तिच्या वाट्याला येत नसे.

मात्र पत्रे आणि कागद मागे राहिले ते मुख्यतः पुढारी स्त्रियांचे. न्यूयॉर्कमधील लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या वस्तीतल्या चाळवजा इमारतींत दाटीवाटीने राहून दिवसभर मशीनवर बसणाऱ्या मुलींना ना वेळ होता, ना एकांत, ना पत्रे जपून ठेवायला जागा. म्हणून पॉलिन आणि रोझची कहाणी सगळ्या कामगार मुलींची म्हणून सांगता येत नाही.