इटालियन लोक: मूळ आणि ओळख

इटालियन लोक म्हणजे इटलीचे रहिवासी आणि जगभर पसरलेले त्यांचे वंशज. पण ह्यांचा वंश नेमका कुठला म्हणाल तर सरळ उत्तर नाही, कारण हा एका टोळीतून वाढलेला समाज नाहीच. रोम मोठं व्हायच्या आधी आजच्या टस्कनीत एट्रस्कन, मध्यभागी लॅटिन, उंब्रियन, सॅमनाइट, वर पो नदीच्या खोऱ्यात केल्टिक टोळ्या आणि खाली दक्षिणेला चक्क ग्रीक. नेपल्स, तारांतो, सिराक्यूज ही त्यांनीच वसवलेली शहरं.

ह्यात एट्रस्कनांवर सगळ्यात जास्त वाद झाला. त्यांची भाषा इंडो-युरोपियन (संस्कृत, लॅटिन ज्यात येतात ते भाषाकुळ) नव्हती, आणि प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलं होतं की ते लिडियाहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून आले, त्यामुळे ते बाहेरचेच असं बरेच जण मानत आले. 2021 साली जुन्या हाडांमधल्या डीएनएचा अभ्यास छापून आला तर ते स्थानिकच निघाले, शेजारच्या लॅटिन लोकांशी मिळतेजुळते. भाषा वेगळी म्हणजे रक्तही वेगळं, हा हिशोब इथे बसला नाही.

इ.स.पू. 91 मध्ये रोमच्या काही दोस्त टोळ्यांनीच बंड केलं, कारण लढायला आम्ही आणि नागरिकत्व मात्र तुमचं, हे किती दिवस चालणार! त्यांनी कॉर्फिनियमला स्वतःची राजधानी केली, नाणी पाडली, एका नाण्यावर तर बैल लांडग्याला तुडवतोय (लांडगा म्हणजे रोम). रोमने बंड मोडलं खरं पण नागरिकत्व द्यावंच लागलं. म्हणजे 'आपण सगळे इटलीवाले' ही भावना पहिल्यांदा जोरात दिसली ती हक्कांच्या भांडणात.

पुढे साम्राज्याच्या काळात गुलाम, व्यापारी, सैनिक कुठून कुठून आले. रोम आणि आसपासच्या 127 जुन्या सांगाड्यांच्या 2019 च्या अभ्यासात त्या काळातले बरेच लोक पूर्व भूमध्य भागातल्या लोकांच्या जवळचे दिसतात. मग गॉथ, 568 मध्ये लोंबार्ड (दोन्ही जर्मानिक टोळ्या), सिसिलीत 827 पासून अरब, नंतर नॉर्मन, पंधराव्या शतकात दक्षिणेत अल्बेनियन, यादी लांबतच जाते. सार्डिनियाचे लोक मात्र वेगळे पडतात, त्यांच्यात युरोपातल्या पहिल्या शेतकऱ्यांचा वारसा खूप टिकलाय, इतका की 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या 5000 वर्षांहून जुन्या, ओत्झी नाव दिलेल्या माणसाच्या शवाचा डीएनए आजच्या लोकांपैकी त्यांच्याशीच सगळ्यात जास्त जुळतो.

देश एक झाला 1861 ला, तेव्हा इटालियन बोलता येणारे एका अंदाजाने जेमतेम 2.5 टक्के, बाकीचे सिसिलियन, व्हेनेशियन, नापोलितान वगैरे बोलायचे. कित्येकांना आपण इटालियन आहोत हे परदेशात गेल्यावर कळलं, आणि तिथेही अमेरिकेचं इमिग्रेशन खातं 1899 पासून उत्तर आणि दक्षिण इटालियन असे दोन वेगळे 'वंश' लिहून घ्यायचं. आजही गावाचा, शहराचा अभिमान आधी, देश नंतर (फुटबॉलची मॅच सोडून). 1999 च्या कायद्याने जर्मन, स्लोव्हेन, ग्रीक, अल्बेनियन धरून 12 भाषिक अल्पसंख्याकांना मान्यता आहे.

शुद्ध रक्ताचा प्रयोग मुसोलिनीने करून बघितला. 1938 मध्ये 'आर्य इटालियन वंश' जाहीर झाला आणि ज्यू लोकांना शाळा-नोकऱ्यांतून हाकललं, आता रोममधले ज्यू ख्रिस्ताच्याही आधीपासून तिथे राहणारे, त्यांना परकं ठरवायचं म्हणजे कमाल आहे.

तरीपण नागरिकत्व आजही मुख्यतः रक्तावरच चालतं. 1992 च्या कायद्यामुळे अर्जेंटिना-ब्राझीलमधल्या माणसालाही पणजोबांच्या कागदावर पासपोर्ट मिळत होता, 2025 मध्ये ते साधारण आई-वडील आणि आजी-आजोबांपर्यंत आणलं. इटलीतच जन्मलेल्या परदेशी आईबापांच्या मुलाला मात्र 18 वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागतं. आणि युरोपीय संघाबाहेरून आलेल्यांसाठीची 10 वर्षं राहण्याची अट 5 वर आणायला जून 2025 मध्ये सार्वमत घेतलं, तर पुरेसे लोक मतदानालाच आले नाहीत.