पार्श्वभूमी : बादलीतल्या खतातून माती कुठे गेली?

मेच्या अखेरीस कुंड्या उपसून पुन्हा भरायला घेतल्या की प्रत्येक गच्चीवर एकच प्रश्न निघतो: माती किती, खत किती? जुने बागवाले निम्मं-निम्मं सांगतात. कोणी तीन वाट्यांचा हिशेब देतं, एक वाटा माती, एक खत, एक कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). आणि गेल्या वीसेक वर्षांत तयार झालेला एक ठाम पंथ म्हणतो, माती आणूच नका, नुसत्या कंपोस्टमध्ये लावा. हे शेवटचं उत्तर शेतीच्या इतिहासात शोधायला गेलं तर हाती लागत नाही. ते कचऱ्याच्या इतिहासातून आलं आहे, म्हणून ही पार्श्वभूमीही बरीचशी कचऱ्याचीच आहे.

आधी 'खत' या शब्दाचं बघू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. (खरेदीखतातलं खत वेगळं, ते फारसीतून आलं, त्याचा इथे संबंध नाही.) शेतकऱ्याच्या बोलण्यात खताचे प्रकार त्याच्या कामावरून पडतात. शेणखत, लेंडीखत, कंपोस्ट ही भरखतं. ती पेरणीआधी गाड्या भरून जमिनीत घालायची, जमीन भुसभुशीत राहावी आणि ओल धरावी म्हणून. शेंगदाण्याची, एरंडीची, निंबोळीची पेंड ही जोरखतं, थोडी घातली तरी पिकाला लागू पडणारी. उभ्या पिकाला वरून देतात ते वरखत. पुढे रासायनिक खतांच्या गोण्या आल्या आणि नुसतं 'खत' म्हटलं की गोणीच डोळ्यांसमोर येऊ लागली. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, म्हणजे जवळपास २१ किलो. शेणखतात ते अर्धा टक्का धरलं तर तेवढ्याच नत्रासाठी चार टनांहून जास्त शेणखत लागेल. शेतकरी ही तुलना करतच नाही, कारण त्याच्या लेखी ती दोन वेगळी कामं आहेत.

शहरातल्या बागवाल्यापर्यंत हे तीन शब्द पोचलेच नाहीत. त्याच्याकडे एकच शब्द आहे, खत, आणि त्या एका शब्दावर तो तिन्ही कामं लादतो. "एवढं कंपोस्ट घातलंय, तरी मिरचीची पानं पिवळी का?" हा प्रश्न त्यातूनच येतो.

लांबचा भूतकाळ थोडक्यात सांगता येतो. घरामागचा उकिरडा, कोकणात भाताच्या रोपांसाठी भाजायचा राब, मेंढरं शेतात बसवणं हे सगळं होतंच. शहरांच्या मैल्याचं सोनखत होई आणि ते कालव्याकाठच्या उसाला जाई. सोनखत हा शब्द मोठा देखणा आहे. ते कोणाच्या डोक्यावरच्या पाट्यांतून जात होतं, हे मात्र त्या शब्दात कुठे दिसत नाही.

कंपोस्टची पद्धत म्हणून बांधणी झाली ती इंदूरला, १९२४ ते १९३१ या काळात. होळकरांच्या मुलखातल्या एका संशोधन केंद्रात एका इंग्रज शास्त्रज्ञाने आणि त्याच्या हाताखालच्या भारतीय मंडळींनी ती बसवली. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या आधी रस्त्यावर अंथरायच्या; येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांनी त्यांचा चुरा झाला की मग खड्ड्यात. त्यावर शेण, राख, आणि गोठ्याच्या जमिनीतून खणून काढलेली गोमूत्राने भिजलेली माती. ही माती महत्त्वाची. दुसरी पद्धत बंगळूरची, १९४० च्या सुमाराची. शहराचा केर आणि मैला चरात थराथराने भरायचा आणि वरून मातीने बंद करायचा, उलथापालथ नाही. युद्धाच्या काळात धान्य वाढवण्याच्या मोहिमेत नगरपालिकांनी ती उचलली.

तिसरी पद्धत आपल्या इकडची, नाडेप. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या एका गांधीवादी शेतकऱ्याने ती बसवली आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ती ओळखली जाते. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असा विटांचा हौद, भिंतींना हवेसाठी भोकं. त्यात काडीकचरा १४०० ते १५०० किलो, शेण फक्त ९० ते १०० किलो आणि चाळलेली कोरडी माती १७५० किलो. वरून शेणमातीने लिंपायचं आणि तीन-चार महिने थांबायचं. आकडे पुन्हा बघा. हौदात कचऱ्यापेक्षा माती जास्त आहे. ती भर म्हणून घातलेली नाही. कुजताना सुटणारा अमोनिया ती धरून ठेवते, ओल सांभाळते, आणि कुजलेला अंश तिच्या कणांना चिकटतो तेव्हाच तो टिकतो. तिन्ही पद्धतींत माती कंपोस्टच्या आतच होती. 'माती किती, खत किती' हा प्रश्न त्या लोकांना पडायचं कारणच नव्हतं.

मग माती बाहेर पडली कधी? १९९४ साली सुरतेत प्लेग झाला आणि शहरातला कचरा हा एकाएकी देशाचा प्रश्न झाला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका, तिच्यावरून समिती, आणि २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम. जैविक कचरा क्षेपणभूमीवर टाकायचा नाही, कुजवायचा, असं नियमांनी सांगितलं. इथून पुढे कंपोस्ट करणारा माणूस बदलला. शेतकऱ्याला खत हवं असतं म्हणून तो कचरा गोळा करतो. महापालिकेला आणि सोसायटीला कचरा नको असतो म्हणून त्यांच्याकडे खत होतं. या दुसऱ्या हिशेबात माती म्हणजे नुसती अडचण, कारण तिच्याने वजन वाढतं आणि जागा जाते.

पुण्यात कचरा ज्या गावांच्या हद्दीत जाऊन पडे, तिथल्या लोकांनी गाड्या अडवायला सुरुवात केली आणि कचरा जागच्या जागी जिरवा, हा धोशा वाढला. गांडूळखत, पावसाचं पाणी आणि सौरऊर्जा यांपैकी एक केलं तर मालमत्ता करात ५ टक्के, दोन केली तर १० टक्के सवलत मिळू लागली. सवलतीने दोन गोष्टी झाल्या. इमारतीमागे हौद बांधले गेले, आणि 'गांडूळ' हा शब्द कोणत्याही हौदाला चिकटला. आमच्याकडे आजही "गांडुळात टाक" म्हणतात, हौदात औषधालाही गांडूळ नाही. हौदात सोडायची गांडुळंही कुजणाऱ्या पाल्यात राहणारी लाल जात असते. शेतात ओल शोधत खोल जाणारं गांडूळ निराळं. कुंडीत मूठभर लाल गांडुळं सोडून माती सुधारेल अशी आशा धरणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

२०१६ च्या नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींवर कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. मुंबईत २ ऑक्टोबर २०१७ पासून २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठी संकुलं आणि दिवसाला १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणारे यांना ती लागू झाली. इतक्या सोसायट्यांना एकदम उपाय हवा होता आणि जागा कोणाकडेच नव्हती. त्या फटीतून '२४ तासांत खत' आलं.

यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण गेल्या दहा वर्षांत कुंड्यांचं सर्वांत जास्त नुकसान याच तीन शब्दांनी केलं, असं माझं मत आहे. यंत्र दिसायला कपडे धुण्याच्या मोठ्या यंत्रासारखं. वरून ओला कचरा टाकायचा, आत पाती फिरतात, तापमान वाढतं, दुसऱ्या दिवशी तपकिरी भुगा बाहेर येतो. कचऱ्याचं वजन घटतं, वास जातो, अधिकाऱ्याला दाखवायला काहीतरी असतं. कचऱ्याची तक्रार सोडवण्यापुरतं हे चालतं. पण त्या भुग्याला खत म्हणणं म्हणजे सुकवलेल्या कैरीला लोणचं म्हणण्यासारखं आहे. बहुतेक वेळा तो वाळवलेला, दळलेला कचराच असतो. कुजण्याची क्रिया झालेलीच नसते, पाणी मिळालं की ती सुरू होते. आमच्या सोसायटीत पहिल्या हप्त्याचा भुगा मोठ्या उत्साहाने वाटला गेला. मी ओव्याच्या आणि गवती चहाच्या कुंड्यांत दोन-दोन ओंजळी घातला. तिसऱ्या दिवशी वरती पांढरी बुरशी, पाचव्या दिवशी आंबलेल्या भाताचा वास, आणि कुंडीत बोट घातलं तर आत चक्क कोमट. ओवा गेला. गवती चहा चिवट, तो वाचला. विकणाऱ्याचं म्हणणं, भुगा दहा-पंधरा दिवस 'मुरू' द्यायचा होता. मग २४ तास कशाचे?

नियमात खताची व्याख्या नव्हती असं नाही. २००६ पासून शहरी कंपोस्ट आणि गांडूळखत खत नियंत्रण आदेशाखाली आले, आणि २०१६ च्या नियमांतही मोजमापं दिली होती. सेंद्रिय कर्ब (कार्बन) किमान १२ टक्के, नत्र ०.८ टक्के, कर्ब आणि नत्राचं प्रमाण २० च्या आत, ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारा, शिसं किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत. वाळवलेला कचरा कुजलेला नसल्याने यातल्या कर्ब-नत्राच्या अटीशीच अडखळण्याची शक्यता जास्त. धातूंची मर्यादा ओलांडणारं कंपोस्ट खाण्याच्या पिकांना घालायचं नाही, इतर झाडांना चालेल, अशीही मुभा होती. पण ही मोजमापं विक्रीच्या खतासाठी. सोसायटी आपला भुगा विकत नाही, वाटते, त्यामुळे तपासायला कोणी येत नाही. विक्रीच्या बाजूला २०१६ पासून शहरी कंपोस्टला टनामागे १५०० रुपयांचं साहाय्य मिळू लागलं, आणि आपल्या राज्यात 'हरित महासिटी कंपोस्ट' या नावाने माल आला.

याच काळात बाल्कनीतली बादली आली. ओला कचरा, वर मूठभर कोकोपीट, कचरा कुजवणाऱ्या विरजणाची चिमूटभर पूड. कोकोपीट, म्हणजे काथ्याच्या धंद्यातला उरलेला भुसा, पाणी धरतो, वासही रोखतो. पाच किलोंची वीट भिजवली की टब ओसंडतो. बादलीत मातीची जागा त्याने घेतली. बादलीतून निघतं ते खरं कंपोस्ट असतं, वास पावसानंतरच्या रानासारखा, यात वाद नाही. पण त्यात खनिज माती शून्य. मुंबईत गच्चीवर उसाच्या चिपाडांवर आणि पाल्यावर भाजी घेणारे आधीपासून होतेच, आणि त्यांची अडचण खरी होती. जुन्या इमारतीच्या स्लॅबला मातीचा भार सोसत नाही. भारासाठी केलेली ही तडजोड पुढे तत्त्व म्हणून सांगितली जाऊ लागली. नुसत्या कंपोस्टची कुंडी पहिल्या पावसाळ्यात फोफावते. दुसऱ्या वर्षी पातळी चार बोटं खाली गेलेली असते, कारण कुजणं थांबत नाही. एप्रिलमध्ये एकदा पूर्ण वाळली की पाणी वरून ओघळून कडेने निघून जातं. पाल्याचे थर सतत देत राहणाऱ्यांच्या बागा टिकतात, पण ते रोजचं काम आहे.

माती सुधारायला आणतात त्या बाकीच्या मालाबद्दल तीनच गोष्टी. नर्सरीतली लाल माती मोकळी असते म्हणून खपते, तिच्यात खाऊ फारसा नसतो. आणि चुना, हाडांचा चुरा हे सल्ले आम्ल जमिनींचे आहेत. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीला चुना मानवतो. देशावरच्या काळ्या जमिनीत चुनखडी आधीच आहे. तिथे चुना घालणं व्यर्थ, आणि हाडांच्या चुऱ्यातलं स्फुरद (फॉस्फरस) तिथे विरघळतच नाही. एरंडीची पेंड मात्र घरात कुत्रा असेल तर उघड्यावर ठेवू नये. कुत्री तिला तोंड लावतात, आणि पेंड विषारी असते.

आमच्या सोसायटीचं यंत्र गेल्या दिवाळीपासून बंद आहे. हौद पुन्हा सुरू झाले. शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकासाचा पाया खणताना निघालेली एक ट्रॉली काळी माती वॉचमनने फुकट आणून टाकली, ती हौदाशेजारी ढीग करून ठेवली आहे. प्रत्येक थरावर दोन घमेली पडतात. हौद रिकामा करणारा माणूस मात्र म्हणतो, खत जड झालंय, गोणीमागे दहा रुपये वाढवून द्या.