यीस्ट : औषधसंशोधनातील प्रारूप सजीव

मानवी पेशीतील प्रक्रिया व औषधांचे कार्य समजून घेण्यासाठी यीस्ट या एकपेशीय कवकाचा प्रयोगशाळेत वापर केला जातो. पाव फुगवणारे सॅकरोमायसीस सेरेव्हिसी हे त्यांतले सर्वांत अभ्यासलेले. सुमारे ६,००० जनुकांचा हा जीव पोषक माध्यमात ३० अंश सेल्सिअसला जेमतेम दीड तासात संख्येने दुप्पट होतो. १९९६ मध्ये संपूर्ण जनुकीय क्रम उलगडलेला हा पहिला दृश्यकेंद्रकी (पेशीत स्पष्ट केंद्रक असलेला) सजीव. पेशीविभाजन, प्रथिनांची वाहतूक, स्वभक्षण (पेशीने स्वतःचेच निकामी घटक पचवणे) या गोष्टी त्यात बऱ्याच अंशी माणसाप्रमाणेच चालतात. २००१, २०१३ आणि २०१६ च्या वैद्यकातील नोबेल पारितोषिकांमागे यीस्टवरचे काम होते.

औषध नेमके कोठे काम करते, हे शोधण्याची यीस्टमधील रीत मोठी चलाख आहे. द्विगुणित पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यांतली एक काढली की त्या प्रथिनाचे प्रमाण घटते, आणि औषध त्याच प्रथिनावर घाव घालत असेल, तर ती पेशी इतरांपेक्षा आधी हात टेकते. साध्या चाचणीत पेशींचे दहा-दहा पट विरळ केलेले थेंब आगरच्या बशीत ओळीने टाकतात. दोन दिवसांनी औषध नसलेल्या बशीत शेवटच्या थेंबापर्यंत दुधाळ ठिपके उठतात. औषधाच्या बशीत संवेदनशील वाणाची, म्हणजे औषधापुढे लवकर हरणाऱ्या पेशींची, ओळ मध्येच तुटते. रॅपामायसिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचे लक्ष्य असलेली टॉर जनुके १९९१ मध्ये यीस्टमध्येच सापडली. मात्र त्या शोधाची वाट उलटी होती, औषधाला दाद न देणाऱ्या उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेल्या) पेशींवरून माग काढला गेला.

यीस्टला यकृत नाही, मज्जासंस्था नाही. त्यामुळे दुष्परिणामांबाबत त्याची साक्ष तोकडी पडते. शिवाय त्याच्या पेशीपटलातील पंपासारखी प्रथिने अनेक औषधे बाहेर फेकतात, म्हणून हे ‘पंप’ काढून टाकलेले वाण मुद्दाम तयार करतात.

पुण्यात पाषाण भागातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तेथे यीस्टचे वाण जतन करून संशोधकांना पुरवले जातात. पण शहराचे या जीवाशी असलेले नाते सर्वाधिक ठळक दिसते ते लसनिर्मितीत. तेथे यीस्ट प्रारूप नसून कारखाना असते. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची हेपॅटायटिस-बी लस हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा या यीस्टमध्ये विषाणूचे पृष्ठभागावरील प्रथिन वाढवून बनते. तिथेच तयार होणाऱ्या आर२१ या मलेरियाच्या लशीचे प्रथिनही याच यीस्टमध्ये घडते; ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली.